पाणी घसरतं, म्हणून उणे

चूक तुमची होती, आणि चोर तुम्ही पोरांना ठरवलं. तुमच्या खुर्च्या मोठ्या, शिक्के गोल, सह्या लांबलचक. पण ज्या फुटपट्टीनं तुम्ही चारशे सत्तर पोरांचे पेपर मोजले, ती फुटपट्टीच वाकडी होती. पडेगावातल्या एका बाईनं हे तुमच्या तोंडावर सांगितलं, तेव्हा तुम्ही फुटपट्टीकडं बघितलं नाही. बाईची डिग्री विचारली.

त्या बाईचं नाव सगीरा. दौलताबाद रोडवरून आत वळलं की पिठाच्या गिरणीमागं तिचं घर. पुढच्या पत्र्याच्या खोलीत ती गणिताची शिकवणी घेते, गेली सोळा वर्षं. बाहेर पाटी नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, तिसरं वर्ष सासरच्या चुलीत गेलं. पुस्तकं मात्र तिनं सोडली नाहीत. जुन्या बाजारातून आणायची, एकेक गणित तीन तीन रीतींनी सोडवायची, आणि तिन्ही रीतींचं उत्तर जुळलं की मगच पोरांना सांगायची. नवरा मुनीब कूलर दुरुस्त करतो. तो म्हणायचा, हमारे घर में दो मिस्त्री हैं, एक पंखे खोलता, एक गणितं. सारं पडेगाव तिला आपा म्हणतं.

आपाच्या शिकवणीत एक रिवाज होता. उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवायचं नाही. पडताळा करायचा. आणि वक्ररेषेचं दुसरं डेरिव्हेटिव्ह असलं की पडताळा ठरलेला: त्या जागी मनातल्या मनात पाणी ओतायचं. रेषा वाटीसारखी खोलगट असेल तर पाणी थांबतं, उत्तर अधिक. रेषा झाकणासारखी फुगीर असेल तर पाणी घसरतं, उत्तर उणे. पोरं गणित संपलं की एका सुरात म्हणायची, पाणी घसरतं, म्हणून उणे. गिरणीवर दळणाला बसलेल्या बायकांनासुद्धा ते पाठ झालं होतं. अर्थ ठाऊक नाही, पण पाठ.

त्याच वाक्यानं घात केला.

शिकवणीतली चार पोरं शहरातल्या तुमच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होती. सोनिया, शाइस्ता, गोकुळ आणि कृष्णा. ती संस्था स्वायत्त, म्हणजे पेपर तिचेच, तपासणी तिचीच आणि निकालही तिचाच. जुलैच्या सुरुवातीला निकाल लागला. तिघं पास. सोनियाला गणितात सत्तरपैकी सव्वीस. पास व्हायला लागतात अठ्ठावीस. त्या संस्थेचा नियम असा की पहिल्या वर्षाचं गणित राहिलं तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. घरी बसायचं, पुढच्या उन्हाळ्यात परत पेपर द्यायचा.

सोनियाच्या घरी वर्षभर बसणं म्हणजे कायमचंच बसणं होतं. बाप रामकिसन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. त्यानं प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेवलेलं, एक वर्ष जरी मागं पडलीस तरी पॅकिंगला लावून देतो, तिथं पोरी घेतातच. माणूस वाईट नाही. पण बोललेलं करणारा आहे.

सोनियानं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन आईबरोबर आपाकडं आली. आई वच्छलाबाई दारातच चप्पल काढता काढता म्हणाली, "आपा, पोरीचं चुकलं का तुमचं चुकलं, येवढं सांगा. बाकी मला कायबी कळत नाय."

सगीरानं झेरॉक्स खिडकीपाशी नेली. पाचवा प्रश्न, चार मार्कांचा. एक्स बरोबर तीन कॉस थीटा, वाय बरोबर दोन साइन थीटा. थीटा नव्वद अंश असताना वायचं एक्सच्या संदर्भात दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा. सोनियानं नीट मांडणी केली होती. उत्तर लिहिलं होतं उणे दोन नवमांश. त्याच्यावर लाल फुली. खाली तिनं लिहिलं होतं, पडताळा: पाणी घसरतं, म्हणून उणे, बरोबर. त्या वाक्याभोवती लाल गोल, आणि गोलाच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह. चारात एक मार्क.

संस्थेचं छापील नमुना उत्तर सोनियाच्या मोबाईलवर होतं. त्यात उत्तर होतं दोन तृतीयांश. अधिक.

सगीरानं ते दोनदा वाचलं. सोळा वर्षं शिकवलेलं क्षणभर हातातून निसटल्यासारखं झालं. पोरांना सांगणं सोपं असतं की डरो नको. पण समोर छापलेलं असतं, त्याच्यावर संस्थेचं नाव असतं, आणि आपल्यापाशी काय असतं? वहीचं पान. तिनं कपाटातलं एक गाईड काढलं. त्यात असंच गणित सोडवलेलं होतं आणि तिथंही अधिकच उत्तर होतं. तिनं वच्छलाबाईला चहा दिला, सोनियाला बसवलं, आणि स्वतः आत ओट्यापाशी उभी राहून पहिल्यापासून गणित मांडलं. आलं उणे दोन नवमांश. मग थीटाला बाजूला काढून सरळ वायला एक्सच्या भाषेत लिहिलं, आणि तसं सोडवलं. उणे दोन नवमांश. मग तिसरी रीत, अगदी पोरकट: एक्सच्या जागी शून्य ठेवलं तर उंची दोन. एक्स तीन दशांश उजवीकडं सरकवला तर उंची एक पॉइंट नव्याण्णव. डावीकडं सरकवला तरी तेवढीच. दोन्ही बाजूंनी उतार. म्हणजे माथा आहे. माथ्यावर पाणी थांबत नाही.

मग तिनं नमुना उत्तर ओळीनं वाचलं, आणि चूक जिथं होती तिथं बोट ठेवलं.

बाहेर येऊन तिनं वच्छलाबाईला सांगितलं ते असं. एक्स आणि वाय दोघंही थीटाच्या तालावर चालतात. आपल्याला मात्र वाय एक्सच्या मानानं कसा बदलतो ते पाहिजे. म्हणून आधी दोघांची चाल थीटाच्या मापानं काढायची आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. पहिलं डेरिव्हेटिव्ह झालं. आता दुसरं काढताना पुन्हा थीटाच्याच मापानं मोजतो, म्हणून पुन्हा एकदा एक्सच्या चालीनं भागावं लागतं. नमुना उत्तर करणाऱ्यानं पहिल्यांदा भागलं, दुसऱ्यांदा विसरला. मीटरनं मोजायचं आणि वर फूट लिहायचं, असा प्रकार. इथं एक्सची चाल होती उणे तीन. त्या चालीनं भागलं असतं तर दोन तृतीयांशाचं उणे दोन नवमांश झालं असतं. भागायचं राहिलं, आणि अधिकचं उणे झालं नाही.

वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे मला पुन्हा सांगू नका, पोरीचं बरोबर हाय का येवढंच सांगा. सगीरानं उतरंडीवरचं पातेल्याचं फुगीर झाकण आणलं, फरशीवर ठेवलं आणि त्याच्या मधोमध तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी चारी बाजूंनी ओघळलं.

"तुमची लेक म्हणते पाणी घसरतं," सगीरा म्हणाली. "त्यांचं पुस्तक म्हणतं इथं पाणी साचतं."

वच्छलाबाईनं पदरानं फरशी पुसली. म्हणाली, "मंग त्यांच्या घरची झाकणं येगळी असतील."

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. चूक दाखवायची, चूक करणाऱ्यानं हो म्हणायचं, तीन मार्क वाढवायचे, सव्वीसाचे एकोणतीस. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण तुमच्याकडं चूक दाखवायला खिडकीच नाही. फेरमोजणीची खिडकी आहे, झेरॉक्सची आहे, नाव बदलायची आहे. सोनिया आणि सगीरा गेल्या तेव्हा खिडकीतला बाबू म्हणाला की नियमात दोनच गोष्टी बसतात, बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल. उत्तरच चुकलंय, असा रकाना अर्जात नाही. सगीरानं साध्या कागदावर अर्ज लिहिला, गणित पूर्ण मांडलं, खाली सोनियाची सही घेतली. बाबूनं तो वाचला नाही. शिक्का मारून घेतला, एवढं मात्र केलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. मार्कांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. नोटीस होती, आणि एकटीला नव्हती, चौघांना. अर्ज आल्यावर परीक्षा विभागानं पाचव्या प्रश्नाचे गठ्ठे पुन्हा काढले होते, आणि त्यांना दिसलं की एकाच बॅचच्या चार उत्तरपत्रिकांत एकच वाक्य आहे, जे कुठल्याही पुस्तकात नाही. पाणी घसरतं, म्हणून उणे. नोटिशीत लिहिलं होतं, सदर वाक्य ही परीक्षकास ओळख पटवण्यासाठी केलेली सांकेतिक खूण असल्याचा संशय आहे; येत्या गुरुवारी सुनावणीस हजर राहावे, अन्यथा संपूर्ण परीक्षेचा निकाल रद्द करण्यात येईल.

वाचणाऱ्यांनी इथं थांबावं. चौघांनीही उणे दोन नवमांश लिहिलं होतं. चौघांनाही तिथं एकच मार्क मिळाला होता. खूण केल्याचा फायदा म्हणून तीन तीन मार्क कापून घेणारे चोर कुणी कधी बघितलेत का?

पण नोटीस ही नोटीस असते. त्या दुपारी गोकुळचा बाप तात्यासाहेब आला. करमाडला जमीन, शहरात फ्लॅट, बोलणं मोजकं. खुर्चीवर बसला नाही. आपण कुणाला दोष देत नाही, असं म्हणाला आणि दोष द्यायला लागला. त्याचं पोरगं पास झालेलं होतं. बाकीची दोन पण पास झालेली होती. एका पोरीच्या तीन मार्कांसाठी चौघांचं वर्ष टांगणीला लागलं. तंत्रनिकेतनाच्या ऑफिसातून त्याला कळलं होतं की सोनियाचा अर्ज मागं गेला तर नोटीसही आपोआप थंड होईल. आणि जाता जाता दारात वळून म्हणाला, "बाई, तुम्ही शिकवता चांगलं, त्याच्यात वाद नाही. पण पाणी न् झाकण हे घरात ठीक आहे. पेपरात लिहायला लावायचं कशाला?"

लिहायला तिनं लावलं नव्हतं. पोरांना सवय लागली होती. पण तो शब्द सगीराला लागला, कारण त्यात खोटं फार नव्हतं. सोळा वर्षांत तिनं पोरांना एवढंच सांगितलं नव्हतं की पडताळा स्वतःसाठी असतो आणि पेपर दुसऱ्यासाठी. तिला स्वतःलाच ते कधी पटलं नव्हतं. बरोबर असेल ते लिहावं, यात लपवायचं काय?

मुनीब पंख्याचं पातं पुसत बसला होता. त्यानं तिच्याकडं बघून घेतलं आणि म्हणाला, "कायकू इत्ता सोचती? मोटर जळली तर जळली बोलायचं. गिऱ्हाईक नाराज होतंय म्हणून चालू हाय बोलायचं का?"

सगीरा म्हणाली की मोटर आपली असती तर बोलले असते, मोटर दुसऱ्याच्या पोरांची आहे.

सोनियाला बोलावून तिनं सगळं समोर ठेवलं. अर्ज तुझा, सही तुझी, मी काही सांगणार नाही. मागं घेतलास तर तिघं सुटतील. तू राहशील. वच्छलाबाई पण आली होती. ती लगेच म्हणाली की घेऊन टाक मागं, आपल्यापायी तीन घरांचे तळतळाट नकोत, नशिबात पॅकिंग असंल तर पॅकिंग.

सोनिया कमी बोलणारी. गणितही तशीच सोडवायची, एक ओळ जास्तीची नाही. ती बराच वेळ नोटीस वाचत राहिली.

"आपा, मी मागं घेतला तर मी खूण केली होती असंच होईल ना," ती म्हणाली. "आज थंड होईल. पण कागद तिथंच राहणार. आमच्या चौघांच्या नावावर."

सगीराला हे सुचलं नव्हतं. तात्यासाहेबालाही नाही. तिनं लगेच गोकुळला फोन लावून तेच वाक्य त्याच्या कानावर घातलं, आणि गोकुळनं फोन बापाच्या हातात दिला. सगीरानं ते पुन्हा सांगितलं. मग तात्यासाहेब एवढंच म्हणाला, गुरुवारी किती वाजता?

गुरुवारी अकरा वाजता परीक्षा विभागाच्या बाहेरच्या बाकावर चार पोरं आणि त्यांची माणसं बसली होती. सगीराच्या हातात कापडी पिशवी होती. शिपायानं विचारलं, ह्याच्यात काय? ती म्हणाली, पुरावा. त्यानं आत डोकावून बघितलं. झाकण न् पाण्याची बाटली. त्यानं वच्छलाबाईकडं बघितलं, की बाई ठीक आहे ना. वच्छलाबाई म्हणाली, "जेवायला नाय आलो, काळजी करू नगा."

आत तीन जण. मधोमध परीक्षा नियंत्रक. डाव्या हाताला कार्यालयातली एक बाई, लिहून घ्यायला. उजव्या हाताला गणिताचे एक वयस्कर प्राध्यापक, बाहेरच्या कॉलेजातून बोलावलेले. पालकांशिवाय कुणी आत यायचं नाही असा नियम होता. वच्छलाबाईनं सगीराकडं बोट करून सांगितलं की ही माझी बहीण, मला वाचता येत नाही म्हणून आणली. नियंत्रकांनी सगीरा हे नाव वहीत लिहिलं, वच्छलाबाई हे नाव लिहिलं, दोन्ही नावांकडं बघितलं आणि पुढं गेले. तेवढं एक त्यांनी बरं केलं.

पहिला प्रश्न सोनियाला होता. हे वाक्य कुणासाठी लिहिलं?

"माझ्यासाठी," सोनिया म्हणाली.

परीक्षकासाठी नाही? नाही. मग उत्तरपत्रिकेत का लिहिलं? उत्तर बरोबर आहे का ते बघायला. पुस्तकात अशी पद्धत आहे का? नाही, आपा शिकवतात. आपा कोण? तेव्हा सगीरा म्हणाली, मी.

नियंत्रकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, तुमचं शिक्षण? तिनं सांगितलं. बी.एस्सी., दुसरं वर्ष पूर्ण. पुढं? पुढं नाही. लिहून घेणाऱ्या बाईंनी लिहून घेतलं. नियंत्रक मागं टेकले आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले. नमुना उत्तर तज्ज्ञांनी केलंय. एम.एस्सी., पीएच.डी. झालेली माणसं आहेत. तुमची तळमळ आम्ही समजू शकतो, पण बाई, कुठल्या आधारावर तुम्ही म्हणता की ते चुकले?

सगीराला राग आला तो इथं. ती रागानं बोलत नाही, रागानं हळू बोलते. पोरांना ते माहीत होतं.

"सर, थीटाला डिग्री लागत नाही," ती म्हणाली. "तुम्ही एक करा. एक्सच्या जागी शून्य ठेवा आणि उंची सांगा."

नियंत्रक वाणिज्य शाखेचे होते. त्यांनी प्राध्यापकांकडं बघितलं. प्राध्यापक म्हणाले, दोन. सगीरानं विचारलं, तीन दशांश उजवीकडं? प्राध्यापकांनी खिशातलं पेन काढलं, आणि नोटिशीच्याच मागं आकडे मांडले. एक पॉइंट नव्याण्णव. डावीकडं? तेवढंच. म्हणजे मधली जागा उंच का खोल? प्राध्यापक लिहीत राहिले. सगीरानं टेबलावर झाकण ठेवलं. वच्छलाबाईनं बाटली उघडली, आणि कुणी नको म्हणायच्या आत पाणी ओतलं. ओघळ नियंत्रकांच्या फायलीपर्यंत गेला. लिहिणाऱ्या बाईंनी फाइल उचलली आणि त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"हे वाक्य ते आहे," सगीरा म्हणाली. "खूण नाही. दुसरं डेरिव्हेटिव्ह उणे असण्याचा अर्थ आहे. पोरांना पाठ नाही, कळलेलं आहे."

प्राध्यापकांच्या पेनानं आता नोटिशीच्या मागची अर्धी बाजू भरली होती. कॉट थीटा, मग कोसेक वर्ग, मग खाली रेघ आणि रेघेखाली उणे तीन साइन थीटा. रेघ मारल्यावर ते थांबले. नमुना उत्तराचा छापील कागद त्यांनी जवळ ओढला आणि जिथं रेघ असायला हवी होती तिथं नखानं टोकरलं. तिथं काही नव्हतं.

"उणेच येतं," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण खोलीत सगळ्यांनी ऐकलं. "दुसऱ्यांदा भागायचं राहिलंय."

नियंत्रकांनी त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, सर, आपण जरा बाहेर बोलू.

दोघं बाहेर गेले. खिडकीतून दिसत होतं. एक बोलत होता, दुसरा खाली बघत होता. बोलत होते ते नियंत्रक. पंधरा मिनिटं गेली. वच्छलाबाईनं तेवढ्यात टेबल पुसून काढलं. लिहिणाऱ्या बाईंनी सोनियाला हळूच विचारलं की माझा मुलगा बारावीला आहे, शिकवणी कुठं आहे म्हणालीस?

परत आल्यावर नियंत्रकांनी सगळ्यांना आत बोलावलं, चौघांच्या माणसांना. उभ्या उभ्याच सांगितलं. समितीनं सहानुभूतीनं विचार केला आहे. सदर वाक्य ही अध्यापनाची स्थानिक पद्धत असल्याचं दिसून आलं. खुणेचा संशय मागं घेण्यात येत आहे. चौघांचे निकाल आहेत तसे कायम.

शाइस्ताच्या आईनं हात वर करून अल्लाचे आभार मानले. कृष्णाचा बाप पोराच्या पाठीवर थाप मारून बाहेर निघाला. तात्यासाहेबानं सगीराला हात जोडले, खरेच जोडले, आणि म्हणाला की झालं ना बाई, चला आता.

"आहेत तसे म्हणजे?" सगीरानं विचारलं.

म्हणजे आहेत तसे. निकाल जाहीर झालेला आहे. गुणपत्रिका छापलेल्या आहेत. नमुना उत्तर बदललं तर चारशे सत्तर पेपर पुन्हा तपासावे लागतील. ज्यांना त्या चुकीच्या उत्तराला चार मार्क मिळाले त्यांचे काढावे लागतील, त्यातले काही नापास होतील, मग त्यांचे पालक येतील. एका विद्यार्थिनीसाठी हे करणं व्यवहार्य नाही. पुढच्या वर्षीच्या पेपरात काळजी घेण्याच्या सूचना दिल्या आहेत. नियंत्रक हे सगळं शांतपणे, न अडखळता बोलले. त्यांना ते बाहेरच्या पंधरा मिनिटांत पाठ झालं होतं, कळलेलं नव्हतं.

सगीरानं प्राध्यापकांकडं बघितलं. ते पेनाचं टोपण लावत होते. आकडे मांडलेली नोटीस त्यांनी चौघडी घालून खिशात ठेवली होती. ती म्हणाली, सर, तो कागद ठेवून जा. ते म्हणाले, तो माझा खाजगी हिशेब आहे. ती म्हणाली, मग एक ओळ लिहून द्या, उत्तर उणे आहे म्हणून. ते खिडकीकडं बघत म्हणाले की बाई, मला पुढच्या सत्रातही इथं यायचं असतं.

हे वाक्य त्यांनी लाजून म्हटलं, म्हणून सगीरा त्यांना पुढं काही बोलली नाही.

खोली रिकामी होत गेली. दारात तात्यासाहेब थांबला होता, जायचं का राहायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं. गोकुळ आत आला आणि सोनियाच्या मागं भिंतीला टेकून उभा राहिला. बापानं खूण केली, तरी हलला नाही. मग शाइस्ता परत आली. नियंत्रक म्हणाले की सुनावणी संपलेली आहे. कुणी उठलं नाही. वच्छलाबाईनं तर पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली, आणि म्हणाली की मला कळलं नाय साहेब, पोरीचं बरुबर हाय असं तुम्हीच म्हणता, मंग नापास कशी?

सगीराला बोलायचं होतं. तिच्या तोंडात सोळा वर्षांचं साठलेलं आलं होतं. पण सोनिया आधीच उठून टेबलापाशी गेली होती. तिनं लिहिणाऱ्या बाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला. बाईंनी नियंत्रकांकडं न बघता दिला. तिनं कागद नियंत्रकांच्या समोर ठेवला, त्यावर आपलं पेन ठेवलं. आवाज चढवला नाही.

"सर, दुसऱ्या वर्षाचे वर्ग सोमवारी सुरू होतात. माझं उत्तर बरोबर आहे हे तुम्हाला आता माहीत आहे. मी सोमवारी कुठल्या वर्गात बसायचं? इथं लिहा. खाली सही करा. तुमचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही उठणार नाही."